ओच्यातल्या काटक्या

आईने त्या काटक्या एका जागी ओतून टाकल्या असत्या, तर हे सगळं मी कदाचित विसरूनही गेले असते. तिने तसं केलं नाही. डाव्या हाताने ओचा सावरत ती आल्या वाटेने मागे गेली आणि एकेक काटकी जिथून उचलली होती तिथे नेऊन ठेवली. ही बर्चच्या पांढऱ्या खोडापाशी. या दोन त्या वाकड्या पाइनच्या मुळांत. ही रस्त्याकडेच्या नेच्यांखाली. अर्धा तास फिरून वेचलेलं जळण तिने जेमतेम दहा मिनिटांत रानाला परत केलं. शेवटी ओचा मोकळा सोडला, स्वेटरच्या बाहीला चिकटलेली सालीची पापुद्री काढून तीही खाली ठेवली, आणि आरव्हीच्या, म्हणजे आमच्या भाड्याच्या फिरत्या घरासारख्या गाडीच्या, लोखंडी पायरीवर येऊन बसली. "झालं गं," म्हणाली. बास, एवढंच.

मी काय म्हणाले होते? "आई, ठेव ते! इथे असलं काही चालत नाही." शब्द इतकेच, आणि शब्दांत वाईट काही नाही. पण तो आवाज. लहान पोराने दुकानात काहीतरी उचललं की आपण चारचौघांत दातांआडून जसं दटावतो, तसा तो आवाज होता. आणि तो काढताना मी आईकडे बघतही नव्हते. मी बघत होते पलीकडच्या साइटवर खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थाकडे. त्याने काही म्हटलं नव्हतं. त्याने आम्हाला बघून नुसता हात वर केला होता, कॅम्पग्राउंडवर सगळे सगळ्यांना करतात तसा.

या जुलैत त्या संध्याकाळीला दोन वर्षं होतील.

जागा होती मिनेसोटातलं इटास्का स्टेट पार्क. मिनियापोलिसहून साधी गाडी असली तर चार तासांची वाट, पण आम्हाला सहा लागले, कारण खाली पंचवीस फुटांची भाड्याची आरव्ही होती आणि ती चालवायची माझ्या नवऱ्याची पहिलीच वेळ. वडेनापासून ७१ नंबरचा रस्ता उत्तरेला वळतो, मग पार्क रॅपिड्स, आणि पुढे शेती मागे पडून झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात. बुकिंग मी मार्चमध्येच केलं होतं. इथल्या स्टेट पार्कांच्या साइट एकशे वीस दिवस आधी उघडतात, आणि जुलैतल्या शनिवार-रविवारसाठी सकाळी आठला बोट बटणावर ठेवून बसावं लागतं. बाहेर बर्फ होता, तिकडे सातारला आईचं तिकीटही अजून निघालं नव्हतं, आणि मी पाइन रिज कॅम्पग्राउंडच्या नकाशावर विजेची जोडणी असलेली, संडास-बाथरूमच्या जवळची, आजीला चालायला कमी पडेल अशी साइट शोधत होते. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच येणार होती. मागच्या दोन्ही खेपांना आम्ही तिला मॉल, मंदिर आणि नायगारा दाखवला होता. या वेळी मला तिला असं काहीतरी द्यायचं होतं, जे तिला तिचं वाटेल. तंबूत जमिनीवर झोपवणं तिच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. म्हणून आरव्ही.

त्या गाडीकडे आईने पहिल्यांदा पाहिलं ते नव्या सुनेचं माहेर बघावं तसं. प्रत्येक कपाट उघडलं, प्रत्येक कडी लावून पाहिली. गाडी चालताना दारं उघडू नयेत म्हणून त्या कपाटांना दाबायच्या खिट्ट्या असतात, त्या तिला फार आवडल्या. जेवणाचं टेबल खाली पाडून त्याचा पलंग होतो, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा आहे आणि तिथे नातवंडं झोपणार, हे बघून ती हसली. मग तिने स्वयंपाकाच्या ओट्याला लागूनच असलेलं अरुंद दार उघडलं आणि पटकन मिटलं. "चुलीशेजारी संडास?" एवढंच म्हणाली. पुढचे चार दिवस ती त्या दारात गेली नाही. रात्री-अपरात्रीसुद्धा मला उठवायची, आणि आम्ही दोघी बॅटरी घेऊन झाडांखालून बाथहाउसपर्यंत चालत जायचो. खरं सांगायचं तर त्या चालण्याइतकं दुसरं काही मला त्या सहलीतलं आठवत नाही. पायाखाली पाइनच्या सुयांचा जाड थर, त्यावर पावलांचा आवाजच उमटत नाही. डिंकाचा वास, कुठल्याशा साइटवर विझत आलेल्या धुनीचा वास. आणि दूर तळ्यावरून लून पक्ष्याची ती लांबच लांब हाक. पहिल्या रात्री आई थबकली. "टिटवी का गं?" टिटवी रात्री ओरडणं आमच्याकडे चांगलं समजत नाहीत. मी म्हटलं, नाही, हा बदकासारखा पाण्यातला पक्षी आहे, मिनेसोटाचा राज्यपक्षी. तिने जरा वेळ ऐकून घेतलं. दुसऱ्या रात्री मी झोपेत चालत होते, तर तीच म्हणाली, "आज अजून ओरडला नाही तो."

आरव्हीतलं पाणी मोजकं असतं, हे ज्यांनी अशा गाडीत रात्र काढली आहे त्यांना माहीत आहे. इटास्काला आमच्या साइटवर वीज होती, पण नळ नव्हता. येतानाच टाकी भरून घ्यायची, साधारण दीडशे लिटर, आणि ती पुरवायची. नळ उघडला की पलंगाखाली पंप घरघरतो, म्हणजे पाणी सांडतंय ते घरभर ऐकू येतं. भिंतीवर एक छोटी पट्टी असते, बटण दाबलं की चार दिवे लागतात, आणि टाकी जशी रिकामी होईल तसा एकेक दिवा कमी होतो. मुलं आणि मी पहिल्याच दुपारी एक दिवा घालवून बसलो. मग स्वयंपाकघर आईने हातात घेतलं. घरून आणलेला तांब्या तिने सिंकशेजारी ठेवला आणि नळ उघडायचा तो फक्त तांब्या भरायला. एका तांब्यात तांदूळ धुतले, तेच पाणी खरकट्या ताटांवर फिरवलं, ताटं राखेनं नाही तर कागदाने आधी पुसून घेतली, मग दुसऱ्या तांब्यात विसळली. तिने कुणाला काही शिकवलं नाही, नुसती करत राहिली. तिसऱ्या दिवशी माझा धाकटा दात घासताना पेला भरून घेत होता आणि दर तासाला बटण दाबून दिवे मोजत होता. चौथ्या दिवशी निघालो तेव्हाही पट्टीवर एक दिवा जळत होता. माझ्या नवऱ्याने किती व्हिडिओ पाहिले होते पाणी कसं वाचवायचं त्याचे! आणि आईने नऊ वर्षांची होईपर्यंत जे डोक्यावरून वाहिलं होतं, ते तिच्या हाताला अजून माहीत होतं.

हे मी लिहितेय कारण मला वाटत होतं की या चार दिवसांत ती सगळ्यांत मोठी होईल. आमच्या घरात ती पाहुणी असते. डिशवॉशर, थर्मोस्टॅट, गॅरेजचा कोड, सगळ्यात आम्हाला विचारून वागावं लागतं. इथे रान होतं, पाणी होतं, विस्तव होता. हे तिचं होतं. आणि पहिल्याच संध्याकाळी मी तिच्या ओच्यातलं जळण खाली ठेवायला लावलं.

नियम खरा आहे, मी काही वावगं सांगितलं नव्हतं. इथल्या स्टेट पार्कांत पडलेलं लाकूडही गोळा करता येत नाही, आणि घरून आपलं लाकूडही आणता येत नाही. पार्कच्या ऑफिसातून किंवा मान्यता असलेल्या दुकानातून मोळी विकत घ्यायची. त्याला कारण आहे. एमरल्ड ॲश बोरर नावाचा हिरवाकंच किडा आशियातून इकडे आला, २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, २००९ साली मिनेसोटात. ॲश नावाच्या झाडाच्या सालीखाली त्याच्या अळ्या नागमोडी बोगदे काढतात आणि झाडाला पाणी पोचेनासं होतं. किडा स्वतःच्या पंखांवर फार लांब जात नाही. त्याला लांब नेलं माणसांनी, गाडीच्या डिकीत टाकलेल्या सरपणातून. म्हणून प्रत्येक पार्कच्या फाटकावर लाकूड हलवू नका अशी पाटी असते. आणि पडलेलं खोड तिथेच कुजलं तर त्याची माती होते, शेवाळं धरतं, त्याच मऊ झालेल्या लाकडात नवीन रोपं उगवतात. हे सगळं मला पाठ आहे. सतरा वर्षं इथे राहून मी असे नियम पाठच केलेत. कचरा कुठल्या डब्यात, रांगेत किती अंतर, आवाज किती, हसायचं कधी. कुणी काही बोलायच्या आधीच आपण नीट वागायचं, म्हणजे आपल्याकडे, आपल्या माणसांकडे बोट दाखवायची वेळ येत नाही. ही भीती मला कुणी घातली असं नाही. ती कधी आत येऊन बसली ते कळलंही नाही, आणि त्या संध्याकाळी ती माझ्या तोंडून बोलली, ते मात्र मला ऐकू आलं.

आई पायरीवर बसली होती आणि नवरा प्लास्टिकात गुंडाळलेली मोळी फोडत होता. ऑफिसातून विकत आणलेली. आईने विचारलं, "रानात बसून लाकूड विकत घेतलं?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच समजून घेत होती. मोळीतली लाकडं मनगटापेक्षा जाड, चिरलेली, आणि काटक्यांशिवाय ती पेटेनात. फायर रिंगमध्ये, म्हणजे विस्तवासाठीच्या लोखंडी कड्यात, कागद जळून जायचा, लाकडाच्या कडा काळ्या व्हायच्या, धूर निघायचा आणि संपायचं. नवरा गुडघ्यांवर बसून फुंकत होता, मुलांचे डोळे चुरचुरत होते, नऊ वाजले तरी उजेड संपत नव्हता आणि डास सुरू झाले होते. आई बघत होती. एरवी तिने त्याला उठवून स्वतः बसकण मारली असती. आता हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

तेवढ्यात पलीकडचे ते गृहस्थ आले. हातात छोटी कुऱ्हाड आणि वेताच्या छड्यांएवढ्या बारीक चिरलेल्या लाकडाची जुडी. स्वतःच्या विकतच्या मोळीतलं एक लाकूड त्यांनी आमच्यासाठी चिरून आणलं होतं. माझ्याकडे किंवा नवऱ्याकडे नाही, ते सरळ आईकडे गेले आणि ती जुडी तिच्या हातात दिली. म्हणजे त्यांनी बघितलं होतं. तिने वेचलेलं बघितलं होतं, मी बोललेले ऐकलं होतं, भाषा कळली नसली तरी कळलं होतं, आणि तिने एकेक काटकी परत ठेवलेलीही पाहिली होती. मला त्यांच्या नजरेची भीती वाटली होती, आणि त्या नजरेने हे सगळं टिपून आत जाऊन कुऱ्हाड शोधली होती.

मग आई उठली. मोळीतली जाड लाकडं तिने सगळी बाहेर काढायला लावली. रिंगच्या आत तीन बाजूंना तीन लाकडं, मधे पोकळी, पोकळीत ती बारीक चिरफळं एकावर एक आडवी-उभी. "खालून वारा पाहिजे. तुम्ही त्याला गुदमरवताय," जावयाला म्हणाली. किचन टॉवेलचा रोल संपत आला होता, त्याची पुठ्ठ्याची नळी तिने मागून घेतली आणि फुंकणी केली. एका टोकाला ओठ, दुसरं टोक नेमकं ठिणगीच्या बुडाशी, आणि एक लांब, संथ फुंकर. गाल फुगवून नाही, पोटातून. ठिणगी आधी नारिंगी झाली, मग पिवळी, मग तिने आवाज केला. बर्चची साल चुरचुरत कुरळी झाली आणि जाळ वर आला. माझी लेक तोंड उघडं ठेवून बघत होती. इंडियन स्टोअरमधून आणलेली तीन वांगी आईने निखाऱ्यांत पुरली, बिडाच्या तव्यावर ज्वारीच्या भाकरी थापून टाकल्या. थापायला ताट पुरेना, म्हणून पिकनिक टेबलावर फॉइल पसरली. भरीत झालं तेव्हा दहा वाजायला आले होते, आणि दहानंतर कॅम्पग्राउंडवर गप्प बसायचं असतं, म्हणून आम्ही कुजबुजत जेवलो. पलीकडे एका ताटलीत भाकरी, भरीत आणि कांदा गेला. ताटली सकाळी धुऊन परत आली, आमच्या टेबलावर ठेवलेली, वर चार ब्लूबेरी मफिन.

इथवर आलं की वाटतं, झालं की मिटलं. नाही मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून आई विचारायला लागली. "ही पिसं उचलली तर चालतात का?" "इथं चप्पल काढली तर चालतं का?" "या दगडावर बसू का?" रेड पाइनचं तांबडं, खवल्यांचं खोड तिला हात लावून बघायचं होतं. दोनशे वर्षांहून जुनी झाडं आहेत ती, एकटीच्या मिठीत मावत नाहीत. हात लावायच्या आधी तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवल्यावर तळवा टेकवला. साठीच्या आधी सातारच्या शाळेत मुख्याध्यापिका होती माझी आई. गावच्या सरपंचाला तिने ऑफिसबाहेर बसवलेलं मी पाहिलंय. ती माझ्याकडे बघून झाडाला हात लावत होती.

करवंदांसारखं काहीतरी तिला पायवाटेच्या कडेला दिसलं तेव्हा मात्र मी बरोबर होते. रानटी ब्लूबेरी, गुडघ्याएवढीही उंच नाहीत अशी झुडपं, वाटाण्यापेक्षा लहान फळं, वर राखाडी धुरकट थर. मी आधी घाईने फोनवर नियम वाचले, आणि मग इतक्या मोठ्याने सांगितलं की मागचे लोकही वळून बघायला लागले. "आई, ही चालतात! घरी खायला फळं आणि अळंबी वेचायला परवानगी आहे." तिने पदर खोचला, ओचा केला. जाळीतली करवंदं काढावीत तसा हात पानांखालून घालून, बोटांनी आधी पिकलेलं जोखून, न ओढता नुसतं कलतं करून ती फळं काढत होती. मुलं तिच्या मागे. तिघांच्या जिभा निळ्या झाल्या. मी बाजूला उभी राहून तिचा ओचा भरताना बघत होते, आणि मला रडू येत होतं ते कुणाला दिसू नये म्हणून डासांचा स्प्रे शोधत राहिले.

मिसिसिपी तिथेच उगम पावते. उगम म्हणजे कुंड नाही, गोमुख नाही. इटास्का तळ्याच्या एका काठाला दगडांची ओळ आहे, त्यावरून तळ्याचं पाणी सांडतं आणि पलीकडे त्याला नदी म्हणतात. वीसेक फूट रुंद, गुडघाभर, तळ दिसेल इतकी नितळ. शेजारी लाकडी खांबावर कोरलंय की ही बलाढ्य मिसिसिपी इथून २५५२ मैल वाहत मेक्सिकोच्या आखाताला जाते. चार हजार किलोमीटरांहून जास्त. इथला थेंब समुद्रात पोचायला नव्वद दिवस लागतात असं म्हणतात. आईने बोटांवर मोजलं, "म्हणजे दसऱ्याच्या सुमारास." मग विचारलं, "पाय घातला तर चालतं का?" शेकडो लोक पाण्यात होते. लहान मुलं बसली होती, कुत्री डुंबत होती. तरी तिने विचारलं. धाकट्याचा हात धरून तिने साडी वर घेतली आणि दगडांवरून नदी ओलांडली. पलीकडे पोचल्यावर वाकून ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं. या वेळी विचारलं नाही, कदाचित विसरली.

या तळ्याचं इटास्का हे नाव १८३२ सालचं. स्कूलक्राफ्ट नावाचा अधिकारी नदीचं मूळ शोधत आला, त्याला ओझाविन्दिब नावाच्या, ओजिब्वे या इथल्या मूळ जमातीच्या माणसाने इथवर आणलं. ओजिब्वे लोक या तळ्याला एल्कचं, म्हणजे एका मोठ्या हरणाचं, तळं म्हणत. स्कूलक्राफ्टने सत्य आणि मस्तक या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांतल्या पहिल्याचं शेपूट आणि दुसऱ्याचं तोंड जोडून नवीन नाव घडवलं. वाट ज्याची, त्याच्या भाषेतलं नाव मागे राहिलं. मला हे तिथे उभं राहून आईला सांगताना जड गेलं. ती म्हणाली, "नाव लिहिणाऱ्याचं राहतं."

उगमाजवळच्या केंद्राला मेरी गिब्ज यांचं नाव आहे. हे जंगल १८९१ साली स्टेट पार्क झालं, तेही विधिमंडळात एका मताने, पण लाकूडतोड कंपन्या लगेच गेल्या नाहीत. ओंडके पाण्यातून वाहून न्यायला त्यांनी बंधारा घातला होता, त्याने पाणी चढून काठची झाडं बुडत होती. १९०३ साली वडील वारल्यावर पार्कची जबाबदारी या मेरीवर आली. ती बंधाऱ्याची दारं उघडायला सांगायला गेली आणि समोर बंदुका घेतलेली माणसं होती. फलकावरचं मी आईला मराठीत सांगत होते. बंधारा, चढतं पाणी, बुडणारी झाडं हे शब्द तोंडातून गेल्यावर मला लक्षात आलं मी कुणाला सांगतेय.

आईचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. तापोळ्याच्या अंगाचं. धरणात पाणी अडवलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. त्यांनी घर उतरवलं. पाडलं नाही म्हणायची आजी, उतरवलं. तुळया, वासे, दोन दारं, देव्हाऱ्याची फळी, सगळ्यांवर कोळशाने खुणा करून ते डोंगरावर चढवलं आणि मग खाली सातारच्या अंगाला नेलं. त्यातली एक तुळई आमच्या माजघरात अजून आहे, कोळशाची खूण तेल पाजून पाजून पुसली गेलीय. लहानपणी मला वाटायचं, घराला लाकूड लागतं म्हणून आणलं. माझा सगळा अभ्यास त्याच धरणाच्या विजेवर झाला, हेही तितकंच खरं आहे, आणि या दोन गोष्टी माझ्या मनात कधीच एकमेकींशी नीट बोलल्या नाहीत. आईने फलकावरचा त्या मुलीचा जुना फोटो बराच वेळ पाहिला. "केवढी होती?" "चोवीस." "आमच्याकडंही माणसं आली होती," ती म्हणाली, "कागद घेऊन. दादांनी सह्या केल्या. आईनं चुलीतला विस्तव विझवला नाही, घमेल्यात घेतला आणि नव्या जागेपर्यंत नेला." हे मी कधी ऐकलं नव्हतं. पन्नाशीला येईपर्यंत मला माहीत नव्हतं की आमच्या घरचा विस्तव असा डोंगर चढून आला होता.

परतताना ती म्हणाली, "लाकूड हलवू नये म्हणतात इथं, त्यात किडा असतो. बरोबर आहे." मी काही बोलले नाही. मला माफी मागायची होती, पण मागे मुलं होती, आणि मराठीत आईची माफी मागायची मला सवय नाही. आम्ही नुसत्या चहा करून द्यायच्या माणसांतल्या आहोत. आरव्हीवर पोचल्यावर मी आलं घालून चहा केला, तिच्या तांब्याने मोजून पाणी घेतलं.

शेवटच्या दिवशी सकाळी सगळा पसारा आवरला. चाकांखालचे ठोकळे काढले, विजेची जाडजूड केबल गुंडाळली. पार्कबाहेर पडायच्या आधी सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या कराव्या लागतात, डम्प स्टेशनवर रविवारची रांग लागते, म्हणून नवरा हातमोजे काढून ठेवत घाई करत होता. मधे एकदा जावयाला ती जाड नळी जोडताना बघून आईने तोंड फिरवलं होतं आणि त्याने आंघोळ केल्याशिवाय ताट वाढलं नव्हतं. आता ती त्याच्यासाठी आधीच टॉवेल आणि कोरडे कपडे काढून ठेवत होती. फायर रिंगची राख पाण्याने विझवून, हात फिरवून गार झाल्याची खात्री मीच केली.

रिंगशेजारी पाच लाकडं उरली होती. मी म्हणणार होते की तिथेच रचून ठेव, पुढच्या माणसाला होतील, बरेच जण तसं करतात. मी मागे वळेपर्यंत आईने ती पाचही छातीशी धरून उचलली होती. दोन्ही हात भरलेले, वरच्या लाकडावर हनुवटी टेकलेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. चालतं का, असं विचारलं नाही. सरळ रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या साइटवर गेली. ते गृहस्थ खुर्चीतून उठले, तिच्या हातांतून एकेक लाकूड घेत आपल्या थप्पीवर रचायला लागले. दोघंही काहीतरी बोलत होते, ती मराठीत, ते इंग्रजीत. नवऱ्याने इंजिन सुरू केलं होतं, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. शेवटचं लाकूड गेल्यावर आईने पदर झटकला. सालीचा भुगा तिथेच, त्यांच्या पाइनखाली पडला.